ब्रिटनमधील उमरावांचे वाडे आणि त्यांच्या बागा : शनिवार-रविवारच्या सहलीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षे आम्ही काही मित्रमंडळी वसंतापासून शरदापर्यंत अधूनमधून एखाद्या जुन्या वाड्याला आणि त्याच्या बागेला भेट देत आलो आहोत. नव्याने येऊ इच्छिणारे प्रत्येक वेळी साधारण तेच प्रश्न विचारतात, म्हणून त्यांची उत्तरे येथे एकत्र लिहून ठेवली आहेत.

या सहलीत नेमके काय पाहायचे असते?

इंग्रजीत ज्यांना ‘स्टेटली होम’ म्हणतात, त्यांना येथे आम्ही सरळ ‘वाडा’ म्हटले आहे. ड्यूक, अर्ल, बॅरन अशा पदव्या असलेल्या, किंवा व्यापारात आणि सावकारीत पैसा मिळवून त्यांच्या पंगतीला जाऊन बसलेल्या घराण्यांनी आपल्या जमिनीच्या मधोमध बांधलेली ही घरे आहेत. घराभोवती आखीव बाग, बागेपलीकडे गुरे आणि हरणे चरत असलेले मोकळे रान, त्यापलीकडे कुळांची शेते, अशी त्यांची सर्वसाधारण मांडणी असते. डर्बीशायरमधील चॅट्सवर्थ, ऑक्सफर्डजवळील ब्लेनहाइम, विल्टशायरमधील स्टूरहेड आणि लाँगलीट, यॉर्कशायरमधील हेअरवुड ही यांतील सर्वांना ठाऊक असलेली नावे.

खासगी घरे लोकांसाठी खुली कशी झाली?

आलेल्या सभ्य पाहुण्याला घर दाखवण्याची रीत जुनीच आहे. अठराव्या शतकातही घराची कारभारीण बक्षिशीच्या अपेक्षेने लोकांना दालनांतून फिरवून आणत असे. आज जे तिकीटघर, पार्किंग आणि चहाचे दुकान दिसते, त्याचे मूळ मात्र विसाव्या शतकातील कर्जात आहे. शेतीचे उत्पन्न घटले, महायुद्धांत वारस मारले गेले आणि वारसा कराचे दर चढत गेले. शेकडो वाडे तर पाडूनच टाकण्यात आले.

चॅट्सवर्थचे उदाहरण बोलके आहे. कॅव्हेंडिश घराण्यातील दहाव्या ड्यूकने इस्टेट पुढील पिढीकडे सोपवली होती. पण कर टळण्यासाठी कायद्याने ठरवलेला पाच वर्षांचा काळ पुरा होण्यास थोडाच अवधी उरला असताना, १९५० मध्ये, त्याचा मृत्यू झाला आणि मालमत्तेवर ८० टक्के दराने कर बसला. तो फेडण्यासाठी जमिनी गेल्या, मौल्यवान चित्रे गेली आणि घराण्याचा दुसरा भव्य वाडा, हार्डविक हॉल, सरकारजमा होऊन १९५९ मध्ये नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आला. त्याआधीच, १९४९ मध्ये, लाँगलीटच्या मालकांनी तिकीट लावून घराचे दरवाजे उघडले होते. पुढे १९६६ मध्ये त्यांनी आवारात सिंहही आणून सोडले, आणि आज तेथे येणारी बरीच मंडळी वाड्यापेक्षा सिंहांसाठीच येतात.

नॅशनल ट्रस्ट ही संस्था १८९५ मध्ये स्थापन झाली ती मुख्यतः मोकळ्या जमिनी वाचवण्यासाठी. मोठे वाडे स्वीकारण्याची वाट १९३७ च्या कायद्याने मोकळी झाली. घर संस्थेला द्यायचे आणि कुटुंबाने त्याच्याच एका भागात राहत राहायचे, अशी ती तडजोड होती.

एका शनिवारी दोन वाडे पाहून होतील का?

नाही. आमच्या पहिल्याच वर्षी मी स्वतः हा उद्योग करून पाहिला आहे. नकाशावर दोन घरांमधील अंतर जेमतेम पाऊण तासाचे दिसत होते. पहिल्या ठिकाणी जेवण लांबले, अरुंद रस्त्यावर एका ट्रॅक्टरमागे वीस मिनिटे गेली, आणि दुसऱ्या वाड्याच्या पायऱ्यांवर आम्ही अकरा जण पोहोचलो तेव्हा दारावरील बाईंनी अत्यंत नम्रपणे सांगितले की शेवटचा प्रवेश दहा मिनिटांपूर्वी बंद झाला. घर बंद होण्याची वेळ आणि शेवटच्या प्रवेशाची वेळ यांत अर्ध्या ते एका तासाचे अंतर असते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. तेव्हापासून एका दिवशी एकच वाडा हा नियम आम्ही मोडलेला नाही.

आधी बाग पाहावी की घर?

आमचे मत स्पष्टपणे बागेच्या बाजूचे आहे. बागा बहुधा घराच्या आधी, सकाळी दहाच्या सुमारास उघडतात. घर अनेकदा अकरानंतर उघडते आणि तेथे ठरावीक वेळेचे तिकीट असते. सकाळचे तिरपे ऊन, ओले गवत आणि तुरळक माणसे असताना बाग पाहून घ्यावी, जेवावे आणि दुपारी घरात शिरावे. शिवाय मालकाला आपले घर पाहुण्याने कसे पाहावे असे वाटत होते, ते बागेतून फिरल्याशिवाय कळत नाही. कारण पुष्कळ ठिकाणी बाग ही घराच्या खिडक्यांतून दिसावी म्हणून आणि घर हे बागेच्या वळणावरून अचानक दिसावे म्हणून आखलेले असते.

पावसाची चिन्हे असतील तर हा क्रम खुशाल उलटा करावा.

बागेत फुलांखेरीज काय पाहायचे?

खरे तर अठराव्या शतकातील इंग्लिश बागेत फुलांना दुय्यम जागा होती. पाणी, गवत, झाडांचे पुंजके आणि उतार एवढ्यांवरच सगळा खेळ चाले. या शैलीचा सर्वांत प्रसिद्ध कारागीर म्हणजे लान्सलॉट ब्राउन (१७१६–१७८३). कोणाचीही जमीन पाहिली की ‘येथे वाव आहे’ अशा अर्थाचा ‘केपेबिलिटी’ हा शब्द तो वापरी, म्हणून लोक त्याला ‘केपेबिलिटी ब्राउन’ म्हणू लागले. ब्लेनहाइमचे तळे त्यानेच ओढा अडवून तयार केले. पाहणाऱ्याला वाटते की निसर्गाने आधी तळे केले आणि मग माणसाने त्यावर पूल बांधला. प्रत्यक्षात पूल आधीचा आहे आणि त्याला शोभेल एवढे पाणी नंतर आणले गेले.

‘हा-हा’ अवश्य शोधावा. घरासमोरील हिरवळ थेट पलीकडच्या कुरणाला जाऊन मिळाली आहे आणि तेथील गायी कोणत्याही क्षणी दिवाणखान्यात येतील असे वाटते, पण त्या येत नाहीत. हिरवळीच्या कडेला जाऊन खाली पाहिले की उलगडा होतो. तेथे एक खंदक असतो; त्याची घराकडील बाजू उभ्या दगडी भिंतीची आणि कुरणाकडील बाजू गवताच्या उताराची असते. कुंपण आहे, पण ते जमिनीच्या पातळीखाली आहे. लहान मुलांना याची आधी कल्पना द्यावी, कारण घराकडून धावत आल्यास ती भिंत दिसतच नाही.

स्टूरहेडची बाग हा या कलेचा आमचा सर्वांत आवडता नमुना आहे. बँकेचा व्यवसाय असलेल्या होर घराण्यातील हेन्री होर याने अठराव्या शतकाच्या मध्याला दरीत बांध घालून तळे केले आणि त्याच्या काठाने रोमन धाटणीची मंदिरे, गुहा आणि कमानींचा पूल उभारला. तळ्याभोवती जुन्या आखणीप्रमाणे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने, म्हणजे पाणी सतत डाव्या हाताला ठेवूनच फिरावे असा आम्ही आग्रह धरतो, कारण एकेक देखावा त्याच क्रमाने उलगडावा अशी ती योजना आहे.

याच्या अगदी उलट तऱ्हा पाहायची असेल तर कम्ब्रियातील लेव्हन्स हॉल गाठावा. तेथे १६९० च्या दशकात लावलेली यू आणि बॉक्स ही सदाहरित झाडे छाटून छत्र्या, मनोरे आणि बुद्धिबळातील सोंगट्यांसारखे आकार केले आहेत. निसर्गाचे सोंग आणण्याची फॅशन आली तेव्हा देशभर अशा बागा उपटल्या गेल्या. ही तेवढी वाचली.

कोणत्या महिन्यात जावे?

फेब्रुवारीत स्नोड्रॉपची पांढरी फुले, मार्च-एप्रिलमध्ये डॅफोडिल, एप्रिलअखेरपासून मेपर्यंत झाडांखाली पसरलेली निळी ब्लूबेल, मे महिन्यात ऱ्होडोडेंड्रॉन, जूनमध्ये गुलाब, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये डेलिया आणि ऑक्टोबरमध्ये पानांचे रंग, असा सर्वसाधारण हिशेब आहे. स्टूरहेडला ऑक्टोबरच्या उत्तरार्धात जावे. हिवाळ्यात बागा खुल्या असतात, पण पुष्कळ घरे बंद ठेवून झाडपूस आणि दुरुस्तीची कामे केली जातात.

ऱ्होडोडेंड्रॉनविषयी एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. मे महिन्यात या बागांतून जी लालभडक आणि गुलाबी भिंत उभी राहते, तिच्यातील कित्येक जातींचे मूळ हिमालयात आहे. जोसेफ हूकर हा वनस्पतिशास्त्रज्ञ १८४८ ते १८५० या काळात सिक्कीमच्या परिसरात हिंडला, तेथून त्याने बिया पाठवल्या, आणि पुढील काही दशकांत ब्रिटिश उमरावांमध्ये या झुडपांचे वेडच पसरले.

तिकीट काढावे की सदस्यत्व घ्यावे?

वर्षात चार-पाच वाडे पाहणार असाल तर नॅशनल ट्रस्टचे वार्षिक सदस्यत्व परवडते. त्यात प्रवेशाबरोबर बहुतेक ठिकाणचे पार्किंगही येते आणि पाच वर्षांखालील मुलांना तसेही तिकीट लागत नाही. मात्र एक घोळ दरवर्षी होतो, तो येथे ठळकपणे सांगितला पाहिजे. चॅट्सवर्थ, ब्लेनहाइम, लाँगलीट, हेअरवुड ही घरे नॅशनल ट्रस्टची नाहीत आणि ते कार्ड तेथे दाखवून उपयोग नाही. जेथे घर महाग वाटेल तेथे केवळ बागेचे तिकीट मिळते का, हे पाहावे.

तिकीट काढताना ‘गिफ्ट एड’ हवे का असे विचारतात. आपण ब्रिटनमध्ये आयकर भरत असाल आणि होकार दिलात, तर धर्मादाय संस्थेला आपल्या दर पौंडामागे सरकारकडून २५ पेन्स मिळतात. काही ठिकाणी त्यासाठी तिकिटाची रक्कम किंचित वाढवलेली असते, एवढे मात्र पाहून घ्यावे.

सप्टेंबरमध्ये ‘हेरिटेज ओपन डेज’च्या काळात एरवी बंद असलेल्या कित्येक वास्तू विनामूल्य पाहता येतात. त्याखेरीज ‘नॅशनल गार्डन स्कीम’ ही सुंदर योजना आहे. १९२७ मध्ये ६०९ खासगी बागा परिचारिकांच्या कामाला निधी मिळावा म्हणून माणशी एक शिलिंग घेऊन उघडल्या गेल्या. आजही लोक आपापल्या घरची बाग एखाद्या रविवारी उघडतात आणि चहा-केकसह चार पैसे त्या कामासाठी जमवतात. मोठ्या वाड्यांचा कंटाळा आला की आम्ही तेथे जातो.

गट किती जणांचा असावा?

आठ ते बारा. त्याहून अधिक माणसे झाली की अरुंद दालनांत गर्दी होते, मागचे लोक पुढच्यांच्या पाठी पाहतात आणि निम्मा दिवस मोजदादीत जातो. पंधराहून अधिक जणांसाठी सवलतीचे दर असतात खरे, पण ती सवलत आम्हाला महागात पडल्यासारखी वाटली. घरात शिरल्यावर दोघा-तिघांनी मिळून आपापल्या गतीने फिरावे आणि ठरलेल्या वेळी चहाच्या टेबलाशी एकत्र यावे. जे दिसले त्याविषयीच्या गप्पा तेथेच रंगतात.

मोटार नसेल तर?

ब्लेनहाइमला ऑक्सफर्डहून वुडस्टॉकची बस मिळते. चॅट्सवर्थला चेस्टरफील्ड स्थानकावरून बसने जाता येते. अन्यत्र स्थानकापासून शेवटच्या चार-पाच किलोमीटरांचा प्रश्न असतो. रविवारी गावांकडील बसगाड्या फारच कमी असतात, म्हणून बसने जायचे असल्यास शनिवार निवडावा आणि परतीची वेळ आधी पाहून ठेवावी.

घरात इतका अंधार का असतो?

हा प्रश्न प्रत्येक सहलीत किमान एकदा येतो. उजेडाने रेशीम, गालिचे, जलरंगातील चित्रे आणि पडदे विटतात, आणि विटलेला रंग परत आणता येत नाही. अशा नाजूक वस्तूंवर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) अधिक उजेड पडू नये असे धोरण ठेवलेले असते; बाहेर भर उन्हात हेच प्रमाण हजारोंच्या घरात असते. म्हणून पडदे अर्धे ओढलेले असतात. दारातून आत शिरल्यावर दोन-तीन मिनिटे एका जागी थांबावे. डोळे सरावले की छतावरील चित्रे आपोआप दिसू लागतात.

छायाचित्रे बहुतेक ठिकाणी फ्लॅशविना काढता येतात. पाठीवरची मोठी पिशवी दारात ठेवण्यास किंवा पोटाशी धरण्यास सांगतात. टोकदार टाचांचे बूट घालू नयेत, कारण सगळा भार त्या नाण्याएवढ्या टाचेवर येऊन जुन्या लाकडी जमिनीवर खळगे पडतात.

खुर्चीवर बसलेले चालते का?

खुर्चीवर टीझल नावाच्या झाडाचे वाळलेले काटेरी बोंड किंवा पाइनचा शंकू ठेवलेला असेल, तर चालत नाही. ‘बसू नका’ अशी पाटी लावण्याऐवजी काढलेली ही युक्ती आम्हाला फार आवडली. जी खुर्ची मोकळी आहे, ती आपल्यासाठीच आहे. शंका वाटल्यास दालनातील स्वयंसेवकाला विचारावे.

चार-पाच दालनांनंतर सगळे सारखेच वाटू लागते. काय करावे?

हे अगदी खरे आहे आणि यात पाहणाऱ्याचा दोष नाही. एकापुढे एक उघडत जाणारी ही राजदालने राहण्यासाठी नव्हतीच. राजा मुक्कामाला आला तर त्याच्या इतमामाला साजेशी व्यवस्था हवी म्हणून ती मांडलेली असत. काही ठिकाणी ज्या राजासाठी पलंग केला तो राजा तेथे कधी आलाच नाही. चॅट्सवर्थच्या बागेतही असाच एक न आलेला पाहुणा आहे. रशियाचा झार निकोलस येणार म्हणून जोसेफ पॅक्स्टन या मुख्य माळ्याने १८४४ मध्ये वरच्या पठारावर तलाव खोदून केवळ उताराच्या दाबावर सुमारे ९० मीटरपर्यंत उडू शकणारे कारंजे तयार केले. झार आला नाही; कारंज्याला ‘एम्परर’ हे नाव मात्र राहिले.

तेव्हा दालनांची संख्या मोजण्यापेक्षा एकेक गोष्ट निरखून पाहावी. भिंतीच्या नक्षीदार कागदात नीट पाहिले तर एक बारीक उभी फट दिसते, आणि तीच नक्षी, तीच तळपट्टी पुढे चालू राहिलेले एक दार सापडते. त्यामागे नोकरांचा जिना असतो. खाली तळघरातल्या बोळात छताजवळ घंटांची रांग असते. प्रत्येक घंटा वळणदार पोलादी पट्टीवर बसवलेली असते आणि तिच्याखाली दालनाचे नाव रंगवलेले असते. आवाज थांबल्यावरही ती पट्टी थोडा वेळ थरथरत राही, त्यामुळे हातातले काम टाकून धावत आलेल्या नोकराला कोणत्या दालनातून बोलावणे आले ते कळे. आमच्या गटातील बहुतेकांना वरच्या सोनेरी छतांपेक्षा हा बोळ अधिक लक्षात राहिला आहे.

या वैभवाचा पैसा कोठून आला, हे तेथे सांगतात का?

आता पूर्वीपेक्षा पुष्कळ अधिक सांगतात. हेअरवुड बांधणाऱ्या लॅसेल्स घराण्याचा पैसा वेस्ट इंडीजमधील साखर आणि गुलामांच्या श्रमातून आला, आणि ते घर आज ही गोष्ट लपवत नाही. नॅशनल ट्रस्टने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात आपल्या ताब्यातील ९३ ठिकाणांचा वसाहतवादाशी किंवा गुलामगिरीशी संबंध नोंदवला. त्यावर तेथे मोठा वादही झाला.

भारतीय पाहुण्याने वेल्समधील पोविस कॅसल पाहावे असे आम्ही आवर्जून सांगतो. रॉबर्ट क्लाइव्हच्या मुलाने, म्हणजे एडवर्ड क्लाइव्हने, या घराण्यातील हेन्रिएटा हर्बर्टशी १७८४ मध्ये विवाह केला, पुढे तो मद्रासचा गव्हर्नर झाला, आणि बापलेकांनी भारतातून आणलेला संग्रह आज तेथे आहे. श्रीरंगपट्टण १७९९ मध्ये पडल्यानंतर हाती लागलेला टिपू सुलतानाचा छापील फुलांचा सुती तंबू त्यात आहे. बाहेर, उंच कड्यावरून पायरीपायरीने उतरणारी, यूच्या अवाढव्य कुंपणांची बाग ब्रिटनमधील सर्वोत्तम बागांपैकी एक आहे. आतले पाहून मन जड होते आणि बाहेरचे पाहून हरखते. दोन्ही एकाच तिकिटात आहे, आणि आम्ही दोन्ही पाहतो.

घराण्यातील वारस अजून तेथे राहतात का?

काही ठिकाणी राहतात. अशा घरांत एखाद्या जिन्याला दोरी लावून ‘खासगी’ अशी पाटी असते. काही घराण्यांचा धागाच तुटला. स्टूरहेडच्या सर हेन्री होर आणि लेडी अल्डा यांचा एकुलता एक मुलगा पहिल्या महायुद्धातील जखमांनी १९१७ मध्ये वारला. त्यांनी वाडा १९४६ मध्ये नॅशनल ट्रस्टला दिला, आणि पुढच्याच वर्षी ती दोघे एकाच दिवशी, काही तासांच्या अंतराने, गेली.

केंटमधील नोल या वाड्यात जन्मलेल्या व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट या लेखिकेला मुलगी असल्यामुळे वडिलांच्या मृत्यूनंतर, १९२८ मध्ये, ते घर मिळाले नाही. ते काकाकडे गेले. तिने आणि तिच्या पतीने १९३० मध्ये सिसिंगहर्स्ट येथील पडके आवार विकत घेऊन तेथे जी बाग उभी केली, ती आज नोलइतकीच प्रसिद्ध आहे. ही दोन ठिकाणे लागोपाठच्या दोन दिवशी, शनिवारी नोल आणि रविवारी सिसिंगहर्स्ट, अशी पाहिली तर फार गोडी येते.

खाण्याचे काय?

डबा न्यावा. कुरणात किंवा झाडाखाली चादर पसरून जेवायला बहुतेक ठिकाणी परवानगी असते. आखीव बागेत आणि घरात नसते, आणि शेगडी पेटवायला तर कोठेच नसते. चहा मात्र तेथलाच घ्यावा. स्कोनवर (चहाबरोबर खायच्या छोट्या पावावर) आधी क्रीम लावावे की आधी जॅम, यावर डेव्हन आणि कॉर्नवॉल यांच्यात कायमचे भांडण आहे. आमच्या गटातही ते अद्याप मिटलेले नाही.

ज्येष्ठ मंडळी, लहान मुले आणि कुत्री यांना आणता येईल का?

ज्येष्ठांसाठी अनेक मोठ्या बागांत विजेवर चालणाऱ्या छोट्या गाड्या असतात, पण त्या मोजक्याच असल्यामुळे आधी फोन करून ठेवाव्या लागतात. घराच्या वरच्या मजल्यांवर लिफ्ट असेलच असे नाही. मुलांना दालनांत अर्ध्या तासाहून अधिक वेळ डांबू नये. भूलभुलैया असेल तेथे न्यावे. चॅट्सवर्थचा भूलभुलैया पॅक्स्टनच्या प्रचंड काचघराच्या जागी आहे. पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना म्हणून आतील झाडे मेली आणि १९२० मध्ये ते काचघर पाडले गेले. मुलांना एवढेही सांगावे की आज जगभर विकल्या जाणाऱ्या ‘कॅव्हेंडिश’ केळ्याला याच घराण्याचे नाव आहे, कारण १८३० च्या दशकात पॅक्स्टनने ते येथल्याच उबदार काचघरात वाढवले. केळे खाताना ती एकदम गप्प होऊन त्याच्याकडे पाहू लागतात.

कुत्र्यांना मोकळ्या रानात साखळीला बांधून नेता येते. बागेचे नियम ठिकाणागणिक वेगळे आहेत आणि घरात केवळ साहाय्यक कुत्र्यांनाच प्रवेश असतो.

पाऊस आला तर सहल रद्द होते का?

होत नाही. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, कारण ओली छत्री घरात नेता येत नाही. चिखलाचे बूट दारात काढावे लागतील, तेव्हा मोजे न फाटलेले असावेत.